बैल निजामात, गाडी इंग्रजांत

आमचे उमेदवार काका ज्या काळात कायद्याने हिंगोलीचे कोणीच नव्हते, त्या काळात हिंगोलीचं त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. नीरज, परवाच्या पत्रात तू लिहिलंस की तुझा तिकडे परदेशात कायमचं राहण्याचा अर्ज अजून कुठल्याशा कचेरीत पडून आहे, तोवर पगाराचं काम करायची मुभा नाही, म्हणून तू रोज सकाळी ग्रंथालयात जाऊन फुकट पुस्तकं लावतोस. खाली अनुजाने लिहिलंय की दादाला वेड लागलंय. तुम्हा दोघांना हे नवीन वाटत असेल. मला, तुमच्या आजीला, नाही. माझ्या लहानपणी आमच्या माळवदावरच्या खोलीत असाच एक माणूस राहत होता, आणि त्याचा अर्ज तुझ्या अर्जापेक्षा पुष्कळ जास्त दिवस पडून होता.

काका मूळचे वाशीमचे. वाशीम आमच्यापासून फार दूर नाही, पण मध्ये कनेरगावचा नाका. नाक्याच्या अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे इंग्रजांचा. भाषा तीच, ज्वारी तीच, सोयरिकी इकडून तिकडे सर्रास होत. पण इकडची सरकारी नोकरी मात्र 'मुलकी' माणसालाच, म्हणजे निजामाच्या मुलखातला असल्याचा दाखला ज्याच्याजवळ आहे त्यालाच. काका इंग्रजी उत्तम शिकलेले आणि त्यांना हिंगोलीच्या सरकारी शाळेत मास्तर व्हायचं होतं. त्याचं खरं कारण शाळा नव्हती. त्यांचं लग्न आखाडा बाळापूरच्या एका पाटलांच्या मुलीशी झालं होतं, आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, "जावईबापू, नोकरीचा कागद दाखवा आन् लेक घेऊन जा. तवर ती हितंच ऱ्हाईल." तेव्हा काकू बाळापुरात, काका आमच्या माळवदावर आणि मुलकी दाखल्याचा अर्ज हैदराबादेत, अशी तीन ठिकाणी तो संसार मांडलेला होता. नोकरीच्या आशेने कचेरीत बिनपगारी राबणाऱ्याला त्या वेळी उमेदवार म्हणत. काका साऱ्या गावातच बिनपगारी राबत, म्हणून गावाने त्यांना ते नाव दिलं.

राबण्याची सुरुवात तशी हिशेबीपणाने झाली होती. चार प्रतिष्ठित माणसांनी चांगलं म्हटलं तर अर्जाला बळ येतं, असं त्यांना कचेरीतल्या कोणीतरी सांगितलं. चार म्हणजे नेमके कोण, हे त्याने सांगितलं नाही, म्हणून काकांनी अख्खं गाव धरलं. कोणाची सून बाळंत व्हायची असो, कोणाची म्हैस कोंडवाड्यात अडकलेली असो, काका हजर. "कागद येईपर्यंत आहे मी, तोवर सांगा," असं ते म्हणत, आणि गाव खरोखरच सांगत असे. लग्नाच्या पंगतीत त्यांच्यासारखा वाढणारा नव्हता. "सावकाश होऊ द्या, सावकाश," म्हणत ते पानापानांवरून असे फिरत की माणसं संकोचाने दोन घास जास्त जेवत. हीच सवय त्यांना एकदा स्मशानात नडली. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला पोचवायला गेले असता, बसलेल्या मंडळींमधून फिरता फिरता त्यांच्या तोंडून "सावकाश होऊ द्या" निघून गेलं. मयताच्या मुलाने मान खाली घातली. तो रडतोय असं सगळ्यांना वाटलं. पुढे त्यानेच बाबांना सांगितलं की तो हसत होता.

पंगतीत काका सगळं वाढत, सगळं खात, फक्त पापड खात नसत. त्याचं कारण पुढे येईलच.

त्यांचं आवडतं काम स्टेशनवरचं. आगगाडी तेव्हा हिंगोलीपर्यंतच येई. पुढे रूळच नव्हते. उन्हाळ्यात काका फलाटावर घागर भरून ठेवत आणि तांब्याची एक लांब नळीची झारी घेऊन डब्याडब्याशी जात. खिडकीतून ओंजळी बाहेर येत आणि काका वरून धार सोडत. धार इतकी बारीक आणि सरळ, की एक थेंब मनगटाखाली ओघळत नसे. स्टेशनमास्तर एकदा म्हणाले, "अहो, हिंदूंची आणि मुसलमानांची झारी वेगळी ठेवा. तक्रारी येतील." काका म्हणाले, "मास्तर, मी स्वतःच अजून ना इकडचा ना तिकडचा. माझं पाणी कोणालाही चालायला हरकत नाही." तक्रार आली नाही. तहान लागली की तक्रारी कमी होतात.

पण एवढं करून मोबदला म्हणून ते कवडी घेत नसत. अर्जात त्यांनी 'मी येथे कोणतीही नोकरी करीत नाही' असं लिहून दिलेलं, आणि ते वाक्य त्यांच्या छातीवर दगडासारखं बसलेलं. माझे वडील वकील. एकदा आईने चहा पुढे केला तेव्हा काकांनी गंभीरपणे विचारलं, "वकीलसाहेब, मी तुमच्या मुलीला शिकवतो. मग हा चहा मोबदल्यात धरला जाईल का?" बाबा म्हणाले, "साखर किती आहे त्यावर आहे." बाबांची थट्टा काकांना कधी कळायची नाही. तेव्हापासून ते बिनसाखरेचा चहा मागू लागले. आई साखर घालतच राहिली, आणि आपल्याला बिनसाखरेचा चहा किती गोड लागतो याचं काका सगळ्यांना नवल सांगत.

ते शिकवत असलेली मुलगी म्हणजे मी. गावात मुलींना इंग्रजी शिकवायची सोय नव्हती, पण काकांना वेळ होता. अडचण इतकीच की गेली काही वर्षं त्यांचं इंग्रजी सगळं अर्जांत खर्च झालेलं. त्यामुळे मी गाईवर लिहिलेला पहिला इंग्रजी निबंध 'रिस्पेक्टेड सर' ने सुरू झाला आणि 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' ने संपला. मध्ये गाय होती. काकांनी तो वाचून फक्त एक स्वल्पविराम घातला आणि "चांगला आहे, मंजूर व्हायला हरकत नाही," म्हणाले.

खोलीत मात्र ते पाहुण्यासारखे राहत. वळकटी रोज दोरीने बांधून ठेवत. आई म्हणे, "काहून हो, भिंतीत एक खुंटी ठोका की. सदरा असा छत्रीवर किती दिवस टांगणार?" काका म्हणत, "वहिनी, खुंटी ठोकली म्हणजे माणूस तिथला झाला. कागद येऊ द्या, मग ठोकतो." त्यांचा सदरा कोपऱ्यात उभ्या केलेल्या छत्रीवर लटकत असे, आणि पावसाळ्यात छत्री बाहेर गेली की जमिनीवर.

शेवटी वरून हुकूम आला, की अर्जदाराचा जन्म कोणत्या हद्दीत झाला याची जागेवर चौकशी करावी. आता पापडाचं सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. काकांच्या आईचं माहेर नाक्याच्या अलीकडे, हिंगोलीजवळच्या खेड्यात. ती वेळेवर निघाली असती, पण सासूबाई म्हणाल्या, एवढे पापड लाटून जा. पापड झाले, गाडी निघाली, आणि कनेरगावच्या नाक्यावर पोचते तोच पोटात कळा सुरू झाल्या. नाक्यावरचा शिपाई जकातीसाठी गाडी अडवून उभा, "पडदा उघडा, माल काय हाय ते बघू द्या." पडदा उघडेपर्यंत आतून रडू ऐकू आलं. शिपाई म्हणाला म्हणे, "याच्यावर जकात न्हाई, जाऊ द्या." एवढं सगळं ठीक होतं. पण तेव्हा गाडी होती कुठे? पापड नसते तर काका जन्मतःच मुलकी झाले असते, असं त्यांचं ठाम मत होतं.

चौकशीच्या दिवशी आम्ही दोन गाड्या भरून कनेरगावला गेलो. बाबा वकील म्हणून, आई भाकऱ्या घेऊन, मी हट्ट करून, आणि गावातले बरेच प्रतिष्ठित लोक, चारापेक्षा पुष्कळ जास्त. बाळापूरचे पाटीलही येऊन बसले होते, मोठा पटका बांधून. लेकीचं काय करायचं ते आज ठरणार होतं. नायब तहसीलदार भले गृहस्थ होते, पण त्यांच्या कारकुनाला रस्त्यातच हिवताप भरला आणि तो झाडाखाली घोंगडी पांघरून पडला. जबाब लिहायला कोणी नाही. काका पुढे झाले. "साहेब, मी लिहितो. कागद येईपर्यंत मोकळाच आहे."

नायबसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "मियाँ, ये तो तुम्हाराच मामला है."

"हो साहेब. म्हणून सगळी नावं मला बरोबर माहीत आहेत."

साहेब हसले आणि दौत त्यांच्यापुढे सरकवली. पहिला प्रश्न त्यांनाच होता: तुम पैदा किधर हुए? काका म्हणाले, "साहेब, त्या वेळी मी हजर होतो, पण माझं लक्ष नव्हतं," आणि तेही लिहून घेतलं.

जन्माच्या वेळचे बाकी सगळे देवाघरी गेलेले. राहिलेला साक्षीदार एकच, त्या गाडीचा गाडीवान. तांड्यावरचा म्हातारा, काठी टेकत आला. काकांनी त्याला बसायला आपलं उपरणं अंथरलं, झारीने पाणी पाजलं आणि लेखणी घेऊन बसले. साहेबांनी विचारलं, गाडी कुठे होती.

"बैल नाक्याच्या आत होते, साहेब."

गावकऱ्यांनी माना डोलावल्या.

"आन् गाडी भाईर होती."

"मग मूल कुठं झालं?"

"गाडीत झालं की. बैलावर कसं व्हईल?"

डोलणाऱ्या माना थांबल्या. काका खाली मान घालून लिहीत होते. एका ओळीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "बाबा, चाकं पण बाहेरच होती ना? तसं लिहिलं तर जास्त स्पष्ट होईल." म्हातारा म्हणाला, "व्हय, चाकं बी भाईर." काकांनी चाकं लिहिली.

पाटील बाबांच्या कानाशी झुकले. "वकीलसाहेब, ह्यो माणूस सोताच्या हातानं सोताचं वाटुळं करून राहिला की."

"हो," बाबा म्हणाले. "आणि अक्षर बघा किती वळणदार आहे."

बाबांनी शेवटचा उपाय म्हणून, नाक्यापलीकडचं वऱ्हाडसुद्धा इंग्रजांकडे नुसतं पट्ट्याने, कागदोपत्री निजामाचंच, तेव्हा बैल आणि गाडी दोन्ही मुलखातच होते, असं मांडून पाहिलं. नायबसाहेब म्हणाले, "वकीलसाहब, ये ऊपर जाके बोलो." तेही काकांनी लिहिलं, पण बाबांनी विनंती केल्यावर खोडलं.

परतताना पाटलांनी आपली गाडी आमच्या गाडीच्या बाजूला घेतली. मग ते म्हणाले, "जावईबापू, बैलाच्या जागी गाडी लिवली असती, तर कुणाला कळलं असतं?"

काका म्हणाले, "मामा, मला लिहायला सांगितलं होतं. ठरवायला नाही."

पाटलांनी बैल हाकले ते पुढे निघून गेले. काका त्या रात्री जेवले नाहीत. आईने चहा दिला, त्यात साखर जरा जास्त झाली, तरी त्यांना कळलं नाही. आता कागद येत नाही, आणि कागद येत नाही म्हणजे बाळापूरहून कोणी येत नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सकाळी मात्र ते झारी घेऊन स्टेशनवर गेले.

आठवडा झाला असेल नसेल, आमच्या दारात पाटलांची गाडी उभी राहिली. आधी ज्वारीची पोती उतरली, मग एक ट्रंक, मग काकू. पाटील आईला म्हणाले, "बाई, कागद मागितला तो माणूस कसा निघतो त्याचा भरवसा न्हवता म्हणून. आता तो माणूस मी डोळ्यानं बघून आलो. कागद येवो न्हाई तर न येवो." मग पटका सारखा करत, "जावई खुळा हाय. पण लेकीला फसवायचा न्हाई." काका जिन्यात उभे होते. त्यांना इतकंच सुचलं, "पण अजून कागद..." काकू पदर खोचत म्हणाल्या, "तुमचा आला न्हाई. मी मुलकीच हाय. मला कोण आडवतंय?" वर जाऊन त्यांनी छत्रीवरचा सदरा पाहिला, खाली आल्या, आईकडून हातोडी मागून घेतली, आणि परत वर जाऊन भिंतीत खुंटी ठोकली.

त्यानंतरचे दिवस फार मजेत गेले. काकूंची एकच कुरकुर असे, "हे साऱ्या गावाला पाणी पाजतेत आन् घरचा रांजण कोरडा." पण संध्याकाळी त्याच स्टेशनवर डबा घेऊन जात. पुढे कितीतरी दिवसांनी, सगळे विसरले असताना, कागद आला. नायबसाहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं होतं कोण जाणे, पण काकांना खास बाब म्हणून मुलकी ठरवलं होतं. आईने शिरा केला. काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पापड खाल्ला. आणि महिन्याभरात नेमणुकीचा हुकूम आला: तेलंगणातल्या कुठल्याशा गावची शाळा. मुलकी माणसाला सरकार मुलखात कुठेही पाठवू शकतं, ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. हिंगोलीचे असल्याचा कागद नव्हता तोवर काका हिंगोलीत राहिले. तो मिळाला म्हणून त्यांना हिंगोली सोडावी लागली.

स्टेशनवर पोचवायला सगळं गाव आलं होतं. उन्हं तापलेली. शेजारच्या डब्यातून कोणीतरी "पाणी" म्हणून हाक मारली आणि काका जागेवरून उठलेच. काकूंनी त्यांच्या कोटाचं टोक धरलं. "बसा. आता तुमी सरकारी माणूस हाव." मग मीच घागरीपाशी ठेवलेली झारी उचलली. शेजारच्या डब्याला पाणी देऊन काकांच्या खिडकीशी आले, तर त्यांनी ओंजळ पुढे केली. त्या फलाटावर त्यांना कोणी पाणी पाजल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझी पहिली धार जाड पडली. "धार बारीक धर," ते म्हणाले, "नाकात जातं." मी बारीक धरली. ते सावकाश पीत होते. गाडी हलली तरी त्यांनी ओंजळ आत घेतली नाही आणि मी धार थांबवली नाही. फलाट संपेपर्यंत मी खिडकीबरोबर चालत गेले, आणि तिथे थांबले तरी झारी तिरपीच राहिली. पाणी किती तरी वेळ नुसतंच रुळांच्या बाजूला पडत होतं.