कोरड्या पिंपाचा आवाज

इनुसमामा रोज सकाळी चहाआधी दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळत. "माझ्या वेणीच्या वाटणीचं तेल ह्यांचे हात पितात," असं खुर्शिदमामी म्हणत. त्यानंतरच मामा चुन्याला हात लावत.

कळीचा चुना कोरडा असतो तोवर दगडासारखा गप्प बसतो. पाणी लागलं की चुलीशिवाय उकळतो. मामा तो विरवत, गाळत, त्यात चिमूटभर नीळ टाकत. भिंतीवर बसलेला चुना वारा पीत पीत पुन्हा दगड होतो, असं ते सांगत. कारेगावचा विहार दर एप्रिलमध्ये त्यांच्याच हातानं पांढरा व्हायचा.

यंदा मात्र दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. विहाराचं काम बघणाऱ्या करुणाताईंना काळजी पडली. उकळत्या चुन्याजवळ अंधुक नजरेचा माणूस उभा कसा करायचा? मामांनीच तोड काढली. ब्रश वस्तीतला तरुण महेंद्र मारेल, चुना ते विरवतील. काही चुकलं तर डबाबंद रंग आणायचा, असं ताईंनी मनाशी ठरवलं होतं.

महेंद्रला दुपारी कंपनीत सेकंड शिफ्टला जायचं होतं. मामा पायरीवर बसून हातांना तेल लावत असताना त्यानं घाईघाईनं चुन्याचे खडे लोखंडी पिंपात ओतले आणि पाण्याची बादली उचलली.

"म्हेंद्रा, बादली खाली ठेव," मामा बसल्या जागेवरून म्हणाले. "पिंप कोरडं वाजलं. खड्यावर पानी वतलं तर उसळून समदं तोंडावर येतं. आधी पानी, मग एकेक खडा."

महेंद्रनं बादली ठेवली. खडे कोरड्या पत्र्याच्या घमेल्यात काढून घेतले, पिंप पाण्यानं भरलं. त्याच्याजवळ कंपनीत वापरायचा गॉगल होता, तो मामांनी त्यालाच घालायला लावला. स्वतः वाऱ्याकडे पाठ करून, तोंड लांब ठेवून ते ऐकत राहिले. डोळ्यात उडालाच तर चोळायचं न्हाई, भरपूर पाण्यानं धूत ऱ्हायचं आन् दवाखाना गाठायचा, हे मधेच बजावून झालं. महेंद्र एकेक खडा पाण्यात सोडत गेला. आधी सुसकारा, मग खदखद. ती थांबली तसा, चुना विरला म्हणून मामांनी हात वर केला.

दारातून हे सगळं बघणाऱ्या ताईंनी डबाबंद रंगाचं नाव काढलंच नाही. पुढच्या एप्रिललाही चुना मामांनीच विरवायचा, असं त्यांनी तिथंच सांगून टाकलं. मामांनी मान डोलावली आणि चपला चाचपडत ते महेंद्रला म्हणाले, "पिंपावर झाकण ठेव. कोंबड्या चोच घालत्यात."