नाखव्यांनी मुदीरला पाऊस दाखवला

नाखवा कुणालाही माफ करत नसत. आमच्या कामगार कॅम्पच्या आचाऱ्याने एकदा त्यांच्या ताटात मुद्दाम करपलेली रोटी टाकली. नाखव्यांनी ती खाल्ली. पुढे ईदच्या दिवशी त्याच आचाऱ्याला त्यांनी स्वतःच्या हाताने चहा करून दिला, साखरेऐवजी मीठ घालून. "चाचा, सोडून द्यायचं ना," मी म्हणालो. ते म्हणाले, "माफी अल्लाकडे मिळते, बाबू. मी साधा ड्रायव्हर."

नाखवा वारल्याचं परवा कळलं. हे लिहावं की नाही, मला अजूनही नक्की वाटत नाही. पण त्यांच्याबद्दल गोड गोड तेवढंच लिहिलं तर ते त्यांनाच आवडणार नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. बारावीनंतर फीची सोय करायला मी सौदीतल्या अल खर्जच्या एका दुधाच्या फार्मवर कारकून म्हणून गेलो. नाखवा माझ्या खोलीत राहत. त्यांचे वडील रत्नागिरीच्या खाडीत मचवा चालवत, म्हणून हे नाव. स्वतः ते रियाधला दुधाचा टँकर नेत. मी पलंगावर पुस्तक घेऊन बसलो की खोलीतल्या इतरांना दटावत, "हळू बोला रे, बाबू परीक्षेला बसलाय." तेव्हा परीक्षा कसलीच नव्हती.

मग कुवेतवरून युद्ध सुरू झालं. सायरन वाजू लागले, माणसं घरी जायला धडपडू लागली. त्याच दिवसांत नाखव्यांना तार आली: आई अत्यवस्थ, तुझीच वाट बघते. आमच्या मॅनेजरला सगळे मुदीर म्हणत. ड्रायव्हर पळून जातील म्हणून त्याने सगळ्यांचे पासपोर्ट तिजोरीत बंद केले होते. नाखवा रोज त्याच्या दारात जाऊन उभे राहत. तो म्हणे, "दूध थांबवू का? लढाई संपू दे." मग दुसरी तार आली. ती वाचून मुदीर म्हणाला, "खलास. दफन झालं. आता जाऊन काय करणार?"

नाखवा खोलीत आले, कपडे बदलले आणि टँकर घेऊन गेले. रडले नाहीत. मीच रडलो.

युद्ध संपलं. जूनमध्ये माझं कॉलेज सुरू होणार होतं, नाखव्यांची रजाही तेव्हाच मंजूर झाली. निघायच्या आधी मुदीरने त्यांना हाक मारली. श्रीमंत अरब पावसाळ्यात मुंबईला येतात, नुसता पाऊस बघायला. यालाही यायचं होतं. "तुझ्या मुलखातले डोंगर, धबधबे दाखवशील?"

"दाखवीन की," नाखवा म्हणाले. ते हसले, आणि मला ते हसू बघून भीती वाटली.

श्रावणात त्यांनी मला निरोप धाडला: "तू दगडांचं शिकतोस ना? ये, दगड दाखवतो." त्यांचं आजोळ घाटाच्या पायथ्याला होतं. वरच्या अभयारण्यातली प्रत्येक पायवाट त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. नाखवा, पाऊस बघायला आलेला मुदीर आणि मी, आम्ही तिघं चढू लागलो. दोन्ही अंगांना धबधबे कोसळत होते, झाडांना हातभर शेवाळ होतं. मुदीर लहान मुलासारखा तोंड वर करून पाऊस पीत होता. मी त्याला सांगितलं, हा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्याने दगडावर हात फिरवला. "आमच्याकडच्या लाव्ह्याच्या माळावर, हर्रातही असाच असतो. पण तिथे गवताचं पातं नाही."

माथ्याजवळ धुकं उतरलं. नाखवा त्याला म्हणाले, "इथे बस. पुढची वाट बघून येतो." मला हाताला धरून त्यांनी खाली नेलं आणि एका कपारीत बसून बिडी पेटवली.

"चाचा, तो एकटा आहे. वर कडा आहे."

"असू दे."

"काही झालं तर?"

"खलास," नाखवा म्हणाले. "धावेल, पडेल, आईच्या नावाने ओरडेल. ऐकायचंय मला."

पण वरून काहीच आवाज येईना. नुसता पाऊस. एक बिडी संपली, दुसरी संपली. नाखव्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी तेच उठले.

मुदीरला बसवलं होतं तिथेच तो बसलेला होता. पायांना जळवा लागल्या होत्या, रक्ताचे ओघळ पावसात वाहत होते. वाळवंटात वाट चुकलेल्याने जागा सोडायची नसते, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. आम्हाला बघताच तो उठला आणि त्याने नाखव्यांना मिठी मारली. "मला माहीत होतं, तू येणार."

नाखव्यांचे हात खालीच राहिले. ते माझ्याकडे वळले. "बाबू, माझं अरबी टँकरपुरतं. तू याला नीट सांग. माझ्या आयेला पण म्हायत होता, मी येणार."

मी शब्द न् शब्द सांगितला.

मुदीरने मिठी सोडली. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं. नाखवा तोवर पाठ फिरवून उतरायला लागले होते.