जामिनावरचा जावई

बायकोला मारहाण केल्याच्या खटल्यात मी नवऱ्याची वकील होते. बाररूममध्ये टोमणे पडायचे, "बाई असून?" मी म्हणायचे, आरोपीलाही वकील लागतोच, आणि तो काय तुम्हाला विचारून नेमायचा? माझं डोकं तसं लवकर तापतं. अशिलावर मात्र ते अधिक महिन्यात तापलं.

त्याला जामीन मिळाला होता तो एका अटीवर: खटला संपेपर्यंत बायकोच्या माहेरी पाऊल ठेवायचं नाही. ती उजनीकाठच्या गावात आईकडे राहत होती. टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणाऱ्या या माणसाला मी अट तीनदा वाचून दाखवली. त्याने मान डोलावून सही केली. आणि अधिकात सासूचा फोन आला, तर हा पठ्ठ्या नवी पँट घालून धोंडे जेवायला गेला! पोलीस पाटलाने ठाण्यात कळवलं, सरकारी वकिलांनी जामीन रद्द करण्याचा अर्ज दिला.

"अहो, अट वाचली होती ना आपण?"

"वाचली की. पर सासूबाईंनी सोताहून बोलावलं. न्हाय गेलो तर त्यांचा अपमान न्हाय व्हय? त्यांनीच बोलावल्यावर मग अट कसली, मॅडम?"

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगते, मला त्याची दयाही आली. लग्नानंतरचा पहिलाच अधिक, तीन वर्षांनी येणारा जावयाचा मान. त्यातच मला बचावही सापडला. हा धाक दाखवायला गेला नव्हता, मुलीच्या घरच्यांनीच बोलावलं होतं. तसं मी लिहून दिलं आणि सासूबाईंना कोर्टात बोलावून घेतलं.

त्या एसटीने आल्या. न घाबरता बोलल्या.

"म्याच बोलावलं. अधिकात जावयाला वाण न्हाय दिलं तर पोरीच्या संसाराला बरं नसतंय. तेहतीस अनारसे दिले, दिवा दिला. गुमान जेवला, पाया पडला, गेला."

मी मनातून खूश झाले. मग न्यायाधीशांनी मागे बसलेल्या त्याच्या बायकोला पुढे बोलावून विचारलं, "तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"आतल्या खोलीत. कडी लावून, दाराला पाठ टेकून बसले हुते. ते जाईस्तवर." आईकडे बघून ती म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाय."

मला शरम वाटली. 'मुलीचे घरचे' लिहिताना मुलगी माझ्याही डोक्यात नव्हती.

माझा अशील उठून उभा राहिला. मी खुणेने बस म्हणत होते, त्याने बघितलं नाही. "साहेब, ती आत कडी लावून बसलीय हे मला ठाव नव्हतं. अट तशीच ऱ्हाऊ द्या."

जामीन टिकला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी, आणि पुन्हा त्या गावात दिसला तर थेट तुरुंग. सरकारी वकिलांनी माझं अभिनंदन केलं, मी कसंबसं हसले.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. आई रडवेली झाली होती.

"मला वाटलं, रुसलीस. तवाच सांगायचं न्हाय व्हय?"

"कडी लावली की गं आई. आनखी कसं सांगायचं?"