मायच्या डोक्यातलं पाणी

मायचा उजवा हात गेला तेव्हा आमच्या घराचाच उजवा हात गेला. तेल्हाऱ्याजवळच्या गावात आम्ही मेथी, पालक आणि सांभार लावतो. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. पिकवायचे बाबा, पण विकली जायची मायची जुडी. घट्ट, मुळं एका रेषेत. बाजारात बायका लांबूनच विचारत यायच्या, ती जुडीवाली बाई कुठं बसली आज?

एका सकाळी वाफ्यातच तिच्या हातातून जुडी सुटली आणि तोंड वाकडं झालं. लकवा. जीप करून अकोल्याला नेलं, एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून पांढरा डाग दाखवला. "ही मशीन शरीरातलं पाणी बघते," असं म्हणून पुढचंही नीट समजावलं. मी तेव्हा बारावीत होते. घरात तेवढं शिकलेली मी एकटी, आणि मला अर्धंच कळलं. बाबांना मात्र पूर्ण कळल्यासारखं झालं. काळ्या फोटोत पांढरं दिसतं ते पाणी. मायच्या डोक्यात पाणी साचलं.

आमची जमीन काळी, भारी. उतार नसलेल्या कोपऱ्यात पाणी थांबलं की वाफा चिबडतो, सांभाराची मुळं सडतात. त्यावर बाबांचा एकच इलाज, पाणी तोडायचं. घरी आल्यावर त्यांनी मायचं पाणी तोडलं. पेला अर्धाच भरायचा. ताक बंद. डोक्यावरून न्हाणं बंद. आणि आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते मी सांगायला नको.

"तहान लागली ना," माय जड जिभेनं म्हणायची.

"लागू दे. डोक्सं सुकू दे आंधी."

"मी काय मिर्ची हाव का, वाळू घालाले?"

बाबा हसायचे, पण पेला अर्धाच द्यायचे. आणि तिच्याकडं पाठ करून स्वतःही अर्धाच प्यायचे. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून मला त्यांचा राग कधी धरता आला नाही.

तपासणीला गेलो की डॉक्टर सांगायचे, पाणी भरपूर द्या. बाबा मान डोलवायचे आणि घरी येऊन आपलंच खरं करायचे. मी वाद घातला की म्हणायचे, "तुनं पायलं का अंदर जाऊन?"

नव्हतं पाहिलं.

पुढं मी अमरावतीला शिकायला गेले. बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन एम.एस्सी.ला लागले. सुटीत घरी आले की जुड्या बांधायची. ढिल्या व्हायच्या. वर्षं गेली तरी अर्ध्या पेल्याचा नियम काही गेला नाही.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आमच्या मॅडमनी एक सॉफ्टवेअर दिलं. या एमआरआयचा सिग्नल कसा तयार होतो ते त्यात खेळून पाहता येतं. पडद्यावर हजारो ठिपके, म्हणजे पाण्याचे कण, वाट फुटेल तिकडं भटकतात. त्यांच्या वाटेत आपण नळ्या ठेवायच्या, नाहीतर गोळे. मग कुठल्या दिशेनं मोजायचं ते ठरवायचं. बाजूला सिग्नलची रेघ उमटते.

मी नळ्या ठेवल्या, सरळ, सरीसारख्या. सरीच्या दिशेनं पाणी मोकळं पळतं, म्हणून तिकडं रेघ वर जाणार असं मी धरून चालले. रेघ धाडकन खाली आली. आडवं मोजलं, तर वरच राहिली.

"मॅडम, सॉफ्टवेअर उलटं चालतंय."

"सॉफ्टवेअर सरळ आहे, तू शेतातून बघतेयस," मॅडम हसल्या. "जे कण जागेवर आहेत ते एका सुरात बोलतात, म्हणून आवाज मोठा. जे भटकतात त्यांचा सूर विस्कटतो."

मी नळ्या काढून गोळे ठेवले आणि फुगवत नेले. मधल्या फटी अरुंद झाल्या, ठिपके अडकले, रेघ वर चढली. फिल्मवर हेच पांढरं दिसतं. मला अकोल्यातली ती फिल्म आठवली. बाबांनी बापड्यांनीही माझ्यासारखं शेतातूनच पाहिलं होतं. जिथं पांढरं, तिथं पाणी जास्त.

त्या शनिवारी लॅपटॉप घेऊन गावी गेले. दुपारी बाबांना ओट्यावर बसवलं. माय दारात टेकून बसली.

"हे गोळे म्हणजे मेंदूतल्या पेशी. त्या दिवशी त्या फुगल्या, बाबा. पान्याले हलाले जागा उरली नाई. अडकलेलं पानी पांढरं दिसते."

"मंग पानी वाढलं नोतं?"

"नाई. आन् तो डाग त्या दिवसाचा. तसा पांढरा तो नंतर राहत नाई."

बाबा पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "पानी कमी कर बरं. अर्धं कर."

मी ठिपके अर्धे केले. रेघ होती तिथंच राहिली. मोजायला ठिपके कमी, म्हणून फक्त थरथरायला लागली.

"अजून कमी कर."

रेघ तिथंच, पण थरथर वाढली.

"काहीच फरक नाई पडत?"

"नाई पडत." हे ठिपके म्हणजे मायनं प्यायलेलं पाणी नव्हे, तेही मी सांगितलं. पण बाबांना पाहायचं होतं ते पाहून झालं होतं.

ते उठले. माठातून पेला काठोकाठ भरला आणि मायपुढं धरला. थोडं पाणी सांडलं.

"एवढं?" माय म्हणाली. "वाहून गेली त मी?"

"पे ना व."

ती सगळं प्यायली. मग डाव्या हातानं पेला परत देत म्हणाली, "आता तुमी बी पोटभर प्या. मले काय दिसत नोतं का?"

बाबा माठाकडं तोंड करून प्यायले. पुन्हा भरून प्यायले.

मायचा उजवा हात अजून जडच आहे. जुडी ती डाव्या हातानं बांधते, उजव्या कोपराखाली देठ दाबून. माझ्यापेक्षा घट्ट बांधते. मी एम.एस्सी. पास झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. आणि आमच्या घरी आता पेला भरलेला असतो.