पुलाखालच्या पायऱ्या

महापुरानंतर सरकारी निधीतून आमच्या गावचा पूल नव्याने बांधला, जुन्यापेक्षा चांगला पुरुषभर उंच. परवा त्याच्या कठड्याशी उभा होतो, तर कडेने काळ्या दगडांच्या ओबडधोबड पायऱ्या थेट नदीच्या पाण्यापर्यंत उतरलेल्या दिसल्या. दगड होते पुरात वाहून गेलेल्या जुन्या पुलाचे. मंजूर नकाशात पायऱ्या नव्हत्या, त्या गावानेच रचल्या होत्या. जिची एवढी धास्ती घेतली, तिच्याकडेच जायला माणसाला वाट का लागते, कोण जाणे.

तेवढ्यात शेजारच्या अक्का खण-नारळ घेऊन पायऱ्या उतरू लागल्या. दरवर्षीसारखी नदीची ओटी भरायला. त्यांचं घर याच नदीने नेलं. नवं अजून जोत्यावरच अडलंय, अनुदानाचा पुढचा हप्ता यायचाय.

"अक्का, अजून तिची ओटी भरता?" मी वरून विचारलं.

"रागावली होती रे. म्हणून काय जाणंयेणं तोडायचं?"

मग वाकून त्यांनी खण-नारळ पाण्यात सोडला आणि शेजारणीशी बोलावं तसं नदीला म्हणाल्या, "ह्या खेपेला जोतं उंच घेतलंय बाई. आलीस तर पायरीपर्यंतच ये."