पिठात उमटलेले आप्पा

आता हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका. माझ्या हातून घोळ पुष्कळ झालेत. पण मेलेल्या माणसाचा पुढचा जन्म परस्पर ठरवून टाकायचा घोळ एकदाच झाला.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी जन्मभर हातमागावर चादरी विणल्या. सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा ठेवायला जागा नाही म्हणून बाबांनी त्यांचा माग मोडीत घातला. त्या दिवसापासून आप्पा बाबांशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशी मात्र बाबांच्या वाट्याचंही बोलायचे.

आमची दोघांची एक गोष्ट चालू असायची. मेल्यावर काय होतं याची. त्या गोष्टीत यमाचं ऑफिस होतं, तिथला साहेब कायम जेवायला गेलेला, आणि टोकन घेऊन बसलेले मेलेले लोक एकमेकांना विचारायचे, "तुमचं कशानं झालं?"

"आप्पा, तुमचा नंबर लागला की कोणता जन्म मागणार?"

"मांजराचा. कामाला जायचं न्हाय, आन दिसभर घरातच लोळायचं."

"आणि कुणी हाकललं तर?"

"तू हाकलशील व्हय?"

उन्हाळ्यात आप्पांचा नंबर खरंच लागला. मी तेव्हा अकरावीत होते.

माणसं त्यांना घेऊन गेली. आमच्यात एक रीत आहे. जिथं जीव गेला तिथं पीठ पसरून दिवा ठेवतात आणि वर टोपली झाकतात. माणसं स्मशानातून परतली की टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पक्ष्याचं पाऊल असलं तर पक्षी, गाईचं असलं तर गाय. जसा ठसा, तसा पुढचा जन्म.

हे ठसे वाचण्यात आमची वळसंगची आत्या, म्हणजे आप्पांची थोरली लेक, एकदम पटाईत. मागं एका शेजाऱ्यांकडं पिठावर नुसती रेघ दिसली, तर तिनं साप सांगून टाकला. त्यांच्या सुना वर्षभर बाथरूममध्ये काठी घेऊन जात होत्या.

मी टोपलीपुढं एकटीच बसले होते. बायका आत पाणी तापवत होत्या. माझ्या मनात आलं, आप्पांची पण रेघच निघाली तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, काहीच निघालं नाही तर? म्हणजे आप्पा कुठंच नाहीत?

मग काय, उचलली टोपली. अंगठा टेकवला, वर चार बोटं टेकवली. असे तीन पंजे काढले आणि टोपली होती तशी ठेवून दिली.

माणसं आली. आत्यानं वाकून पाहिलं, डोळे बारीक केले. मी हात पाठीमागं घेतले.

"मांजर हाय," ती म्हणाली. "आन पावलं घराकडंच वळल्यात. लांब न्हाय गेला आप्पा."

बाबांनी तिथंच हात जोडले.

आई त्याच दिवसापासून दाराबाहेर दुधाची वाटी ठेवायला लागली. फुकटचं दूध म्हटल्यावर कोणतं मांजर येणार नाही? आठवड्याभरात एक पांढरं मांजर आलं. शेपूट काळी, नजर अशी की घर त्याच्याच नावावर आहे. आलं ते थेट आप्पांच्या खुर्चीत जाऊन बसलं. आईनं डोक्यावर पदर घेतला.

पुढचं काय सांगू? मांजराला आप्पांच्या ताटलीत जेवण. मांजर झोपलं की टीव्हीचा आवाज बंद. आत्या वळसंगहून फोन करायची आणि म्हणायची, "आप्पाच्या कानाला लाव."

एकदा कॉलेजातून आले, तर बाबा खुर्चीपाशी जमिनीवर बसलेले. मांजर पंजा चाटत होतं.

"आप्पा, माग मोडायला नको होता," बाबा म्हणत होते. "कुटंतरी ठिवला असता की. माझं चुकलं."

मी दारातूनच मागं फिरले. आता खरं सांगायचं तरी कसं?

दोन महिन्यांनी आप्पांच्या कपाटातून बारीक आवाज आले. धोतरांच्या घडीवर आप्पांना चार पिल्लं झाली होती.

आईनं भीत भीत आत्याला फोन लावला. आत्या जराही डगमगली नाही. म्हणाली, "बाप्याच्या जल्मात लई ताठ वागला. आता कळंल."

मग मात्र मला राहवेना. संध्याकाळी बाबांना गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. टोपली, पीठ, बोटं, सगळं.

"म्हाईत हाय मला," बाबा म्हणाले. "आलो तवा तुझा हात पिठानं भरला हुता."

"मग तुम्ही त्या मांजरापाशी जाऊन का बोलता?"

बाबा म्हणाले, "दुसरीकडं कुटं जाऊन बोलू?"

हे ऐकून मी शहाणं व्हायला हवं होतं ना? पण चार दिवसांनी मांजर पिल्लांना एकेक करून तोंडात धरून कुठंतरी घेऊन गेलं, आणि ज्या पोरीनं स्वतःच्या बोटांनी हे सगळं रचलं, तीच भर दुपारी चप्पल न घालता कॉलनीत ओरडत सुटली, "आप्पा, घरी चला. आप्पा, कुणी नाही हाकलणार."

एक रिक्षावाले चाचा थांबले. "आजोबा हरवले काय बेटा? बस, शोधू आपण."

मांजर आहे हो, असं सांगायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. चाचांनी मला तसंच आत बसवलं. तासभर आम्ही सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. म्हातारा दिसला की चाचा रिक्षा हळू करायचे आणि विचारायचे, "हे का?" मी वाकून नीट बघायचे आणि म्हणायचे, "नाही."

घरापाशी उतरले तेव्हा लक्षात आलं. अख्ख्या तासात मी एकदाही मांजर शोधलं नव्हतं.