सहा बिऱ्हाडांचे मालक

स्वतःच्या मालकीच्या घराची कडी वाजवून, "येऊ का?" असं विचारून, आतून "अभी नहीं" असं उत्तर आलं की मुकाट्यानं ओट्यावर बसून राहणारा घरमालक साऱ्या सी. पी. अँड बेरारात एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या नशिबी नवरा म्हणून आला. जबलपुरात ओमतीच्या नाल्यापासून हाकेच्या अंतरावर आतोबांचं दुमजली कवेलूंचं, म्हणजे कौलारू, घर होतं. त्यात सहा बिऱ्हाडं सुखानं नांदत होती. खुद्द आतोबा आणि आत्या मात्र दीक्षितपुऱ्यात, दुसऱ्याच्या घरात, भाड्याच्या दीड खोलीत राहत. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. आतोबांनी घर आयतं विकत घेतलं, तरी म्हण काही त्यांना चुकली नाही.

आता घर घेण्याआधी त्यांनी ते पाहिलं नाही असं कोणी म्हणू नये. पाहिलं, आणि असं पाहिलं की दलाल रडकुंडीला आला. मी तेव्हा नुकताच शाळामास्तर झालो होतो. चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला म्हणून आत्यानं मला सोबत धाडलं होतं. आतोबा जंगलखात्यात तीस वर्षं हेडक्लार्की करत आलेले. त्यामुळे त्यांनी घराचं फक्त लाकूड पाहिलं. चौकटींचा वास घेतला, खांबांवर टिचक्या मारून कान लावला, आणि "साग आहे बापू, तुझ्या नातवाला पुरेल," असं मला सांगितलं. भिंतींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. भिंत म्हणजे त्यांच्या मते दोन लाकडांमधली मोकळी जागा. मग जमिनीचा ढाळ बघायला त्यांनी खिशातून भेडाघाटचा एक संगमरवरी गोळा काढला आणि अंगणात सोडला. तो गडगडत खालच्या बिऱ्हाडातल्या हलवायाच्या दारावरून गेला, मोरी ओलांडून नालीत पडला आणि पुन्हा कधी कोणाला दिसला नाही. "ढाळ उत्तम आहे," आतोबा म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

पण खरा घात पुढेच झाला. जंगलखात्याच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी सहाही बिऱ्हाडांना "आपकी कोई तकलीफ?" म्हणून विचारलं, प्रत्येकाची तक्रार कागदावर उतरवून घेतली आणि खाली ठसठशीत सही ठोकून कागद ज्याचा त्याच्या हातात दिला. कचेरीत अशी सही म्हणजे नुसतं "वाचलं" असतं हो! पण भाडेकरू काही कचेरीत वाढलेले नव्हते. खरेदीखत झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सहाही कागद आतोबांच्या दारात हजर. "बडे बाबू, आपके दस्तखत हैं." आपली सही नाकारणं हे आतोबांना आपला बाप नाकारण्यासारखं वाटे. झालं! त्या दिवसापासून तो माणूस त्या घराचा मालक उरला नाही, मिस्त्री झाला.

दर रविवारी ते पत्र्याच्या डब्यात खिळे, डांबर आणि सुतळी घेऊन निघत. कवेलू फेरायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, गडी लावावा तर तो कवेलू फोडतो, म्हणून स्वतःच छपरावर चढत, आणि खालून सहा बिऱ्हाडं त्यांना हुकूम सोडत, "थोडा बाएँ, बडे बाबू! अरे, हमारी तरफ भी!" एकदा ते वर असताना हलवायानं भिंतींना चुन्याचा पोतारा करायला शिडी नेली आणि पोतारा पुरा होईस्तोवर आणलीच नाही. दोन तास आतोबा वरच. मी गेलो तर म्हणतात, "ओरडू नको रे. दिवाळी तोंडावर आहे, त्याचा पोतारा होऊन जाऊ दे." जेवणाच्या वेळी ते कुणाकडे जात नसत, कारण मालक आला की त्याला पान वाढावं लागतं, झोपेच्या वेळी जात नसत, पाहुणे असले तर जात नसत. अशानं भाडं मागायला महिन्यातून जेमतेम दोन दुपारी उरत, आणि त्या दुपारीही ते लोणच्याची बरणी घेऊन परत येत.

आत्याचं या घराकडे एकच मागणं होतं. खालच्या मजल्यावर समोरची पूर्वेकडची खोली होती, तिच्यात तोफगाड्यांच्या कारखान्यातला एक फिटर बायकामुलांसह राहत असे. त्या खोलीच्या भिंतीत एक कोनाडा होता. घर पाहायला गेली त्याच दिवशी आत्यानं तो पदरानं पुसला आणि म्हणाली, "इथं माझे देव ठेवीन जी. सकाळचं ऊन पडते." दीक्षितपुऱ्यातला मालक भिंतीत खिळासुद्धा ठोकू देत नसे, आत्याचे देव तिथं लोखंडी पेटीवर, लुगड्याच्या घड्यांशेजारी बसत. आतोबांनी शब्द दिला, "पेन्शन झाली की तीच खोली. तुझी." तेव्हापासून आत्या दर सोमवारी तिथं जाऊन यायची. फिटरची बायको तिला पाट द्यायची, चहा द्यायची, आणि तो कोनाडा तिनं कधीही भरला नाही. घरात सहा माणसं, सामान ठेवायला जागा नाही, पण कोनाडा रिकामा. पोरांनी काही ठेवलं की ओरडायची, "अम्मा का कोना है!"

पेन्शन झाली. आतोबा मला घेऊन, खोली सोडा असं सांगायला निघाले. हातात नोटीस, बगलेत पंचांग. ते पंचांग पाहूनच माझा धीर खचला. फिटरनं हात जोडले. "बडे बाबू, घरवाली पेट से है." गरोदर बाईला घर बदलायला लावायचं नाही, हे आतोबांनाच आधी पटलं. ती बाळंत झाली, तर पितृपक्ष आला. मग पौष. आता पौषात कोणी बिऱ्हाड हलवत नाही हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे, पण जबलपूरचा पौष साधासुधा नव्हे! उत्तरेकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. फिटरचा पौष पंधरा दिवस आधी लागला, आणि तो संपला तेव्हा आतोबांचा अर्धा शिल्लक होता. दोन्ही मिळून दीड महिना. "त्याच्या धर्मानं त्याला काढता येत नाही, अन् माझ्या धर्मानं मला," आतोबा गंभीरपणे म्हणाले. पुढे होळीआधीचे आठ दिवस त्यांचे वर्ज्य, मग पोरांची परीक्षा, मग नवतपाचं, त्या रोहिणीतल्या नऊ दिवसांचं ऊन, मग आपला चातुर्मास. असं करता करता वर्ष फिरून पुन्हा पितृपक्षावर आलं. नोटिशीचा कागद पंचांगात राहून पिवळा पडला. माझ्या तर जिवाचा संताप व्हायचा. मी म्हटलं, "आतोबा, तुम्हाला घर नको, मुहूर्त हवा आहे." ते म्हणाले, "मुहूर्ताशिवाय गेलं तर ते घर लाभते का रे?"

एकदा, फक्त एकदाच, वरची एक जागा आपोआप रिकामी झाली. भाडेकरूची बदली झाली आणि तो गेला. आत्यानं त्याच दुपारी देव फडक्यात बांधले. पण आतोबा किल्ली आणायला गेले तेव्हा दारात टांगा उभा, टांग्यात सिहोऱ्याहून आलेली एक विधवा मास्तरीणबाई, मांडीवर ट्रंक. तिला शहरात नोकरी मिळाली होती, जागा मिळत नव्हती. आतोबांनी किल्ली तिला दिली आणि ट्रंकही वर नेऊन पोचवली. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आत्यानं फडकं सोडलं, देव पुन्हा पेटीवर मांडले आणि एवढंच म्हणाली, "लोक परक्याला घराबाहेर ठेवतात. तुम्ही काहून बायकोलाच ठेवून राहिले जी?" आतोबा रात्री जेवले नाहीत, आणि रविवारी डबा घेऊन मास्तरीणबाईची खिडकी दुरुस्त करायला गेले. काय म्हणावं अशा माणसाला!

मग लढाई आली. शहर फौजेनं आणि कारखान्यांच्या माणसांनी भरलं, आणि सरकारचा हुकूम निघाला की परवानगीवाचून भाडेकरूला काढायचं नाही. आम्हा सगळ्यांची आशा संपली. खरं सांगायचं तर आतोबांना थोडं हायसंच वाटलं असावं. आता दोष त्यांचा नव्हता, सरकारचा होता. आत्यानं मात्र सोमवार सोडला नाही. गुडघे धरले होते, तरी टेकत टेकत जायची, कोनाडा पुसायची, आणि परत यायची.

अशाच एका सोमवारी कोनाडा पुसता पुसता तिला घेरी आली. फिटरच्या बायकोनं तिला तिथंच चटईवर निजवलं. वैद्य यायच्या आत सगळं आटोपलं. मी पोचलो तेव्हा आतोबा दाराबाहेर, ओट्यावर बसले होते. मला वाटलं, आत जायचा धीर होत नाही. पण मला पाहून म्हणाले, "आत बायामाणसं आहेत. त्यांना विचार, मी येऊ का म्हणून."

ज्या जागी माणूस जातो तिथं तेरा दिवस दिवा जळत ठेवायचा असतो. ते आता कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडानं, या विचारात मी होतो, तर फिटर आणि त्याची मुलं खोलीतून सामान बाहेर काढू लागली होती. अकरा वर्षांत नोटिशीनं, विनवणीनं जी खोली रिकामी झाली नाही, ती अर्ध्या तासात रिकामी झाली. फिटरचं बिऱ्हाड वर मास्तरीणबाईकडे दाटीवाटीनं राहिलं. आतोबा तेरा दिवस त्या खोलीत दिव्यापाशी बसून राहिले. आत्याचे देव मी दीक्षितपुऱ्याहून आणले आणि कोनाड्यात ठेवले. सकाळी तिथं खरंच ऊन पडत होतं.

चौदाव्या दिवशी आतोबांनी स्वतः खोली झाडली, देव फडक्यात बांधले आणि किल्ली फिटरच्या हाती दिली. तो घेईना. "बडे बाबू, अब आप ही रहिए. हम कहीं देख लेंगे." आतोबा म्हणाले, "मैं अकेला क्या करूँगा? कमरा तो उसको चाहिए था."

पहिली तारीख आली. मीही बरोबर होतो. फिटरनं नेहमीप्रमाणे भाडं पुढे केलं. आतोबांनी मोजलं, त्यातले काही पैसे परत केले आणि पावती लिहायला घेतली. फिटर गोंधळला. "ये क्या, बडे बाबू?"

"तेरा दिन के काट दिए," आतोबा म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "ती राहिली होती ना तिथं, तेरा दिवस."

मला चिडायचं होतं. उभा जन्म मी या माणसावर चिडत आलो होतो, त्या दिवशी तर चिडायला हक्काचं कारण होतं. पण आतोबा मान खाली घालून पावतीवरच्या ओल्या शाईवर हळूहळू फुंकर घालत बसले होते.